चढणीचे शहर आणि आपली प्रवासवर्णने

मराठीत प्रवासवर्णनांना कधीच तोटा नव्हता. दिवाळीच्या फराळात चकली असायची तशी दिवाळी अंकात एक परदेशवारी असायचीच. अलीकडे या वारीला एक नवे क्षेत्र लाभले आहे. ते म्हणजे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे, डोंगरउतारांवर वसलेले सॅन फ्रान्सिस्को. मुलगा किंवा मुलगी त्या बाजूला नोकरीला असते. आईवडील सहा महिने राहायला जातात, नातवंडांचा हात धरून शहर पाहतात आणि परतल्यावर चार पाने लिहितात. या लेखनाची टिंगल करणे सोपे आहे. पण जे लेखन घरोघर वाचले जाते, त्याची टिंगल करून भागत नाही. त्याचे मोल करावे लागते.

या लेखांचा साचा एव्हाना पाठ झाला आहे. आधी गोल्डन गेट पूल, मग लोंबार्ड रस्त्याची आठ वळणे, केबल कार, दुरून अल्काट्राझचा तुरुंग आणि शेवटी चायनाटाऊनमधली खरेदी. प्रत्येक ठिकाणी ‘डोळ्यांचे पारणे फिटले’ आणि ‘ते दृश्य अवर्णनीय होते’. वर्णन करायला बसलेल्या माणसाने ‘अवर्णनीय’ म्हणावे, म्हणजे वाढप्याने पंगतीत येऊन आज स्वयंपाक केला नाही असे सांगण्यासारखेच आहे! जोडीला माहितीपत्रकातले आकडे येतात : पूल १९३७ साली खुला झाला, मधला गाळा ४,२०० फूट. आकडे खरे असतात. पण ते लेखकाचे नसतात.

आता हे शहरच असे आहे की अशा वरवरच्या पाहण्याला ते फारसे काही देत नाही. १८४७ च्या सुमारास इथे रस्ते आखणाऱ्यांनी टेकड्यांची पर्वा केली नाही. पाटीवर रेघा माराव्यात तसे रस्ते सरळ चढांवरून नेले. ते चढ घोड्यांना झेपेनात. तेव्हा अँड्र्यू हॅलिडीने १८७३ साली क्ले रस्त्यावर केबल कार चालवून दाखवली. तिची करामत मोठी गमतीची आहे. गाडीला स्वतःचे इंजिन नसते. रस्त्याखालून ताशी साडेनऊ मैलांच्या वेगाने पोलादी दोर अखंड पळत असतो. गाडीवाला मोठ्या चिमट्याने तो पकडतो की गाडी निघाली, सोडून ब्रेक लावला की थांबली. आपले प्रवासी या गाडीला ‘आकाशपाळणा’ म्हणतात आणि पुढच्या स्थळाकडे वळतात.

पण या दोराने वर काय ओढून नेले, हे पाहण्याजोगे आहे. पायी चढायचे होते तोवर टेकडीचा माथा श्रीमंतांना नकोसा होता. गाडी आली आणि उंचीला भाव आला. नॉब हिलवर स्टॅनफर्ड, क्रॉकर, हंटिंग्टन, हॉपकिन्स या रेल्वेधनिकांचे वाडे उभे राहिले. ज्या रेल्वेमार्गातून हे धन आले, त्याचा पश्चिमेकडचा भाग बहुतांशी चिनी मजुरांनी डोंगर फोडून बांधला होता. तो १८६९ साली पुरा झाला. आणि चिनी वस्ती कोठे? त्याच टेकडीच्या पायथ्याशी. १८८२ साली कायदा करून चिनी मजुरांना अमेरिकेचे दार बंद झाले, ते १९४३ पर्यंत उघडले नाही. १९०६ च्या भूकंपानंतरच्या आगीत माथ्यावरचे वाडे आणि पायथ्याची वस्ती दोन्ही जळाली. वाड्यांचे मालक परतले नाहीत, वस्ती मात्र हट्टाने त्याच जागी पुन्हा उभी राहिली. आजही कॅलिफोर्निया रस्त्यावरची केबल कार चायनाटाऊनच्या कडेने नॉब हिलवर चढते. त्या काही मिनिटांच्या चढणीत एक अख्खी कादंबरी आहे. आपल्या लेखांत तिचे एक पानही उलगडत नाही.

यावर कोणी म्हणेल, “अहो, माणूस मौजेला जातो. नातवंडांबरोबर हिंडताना त्याने इतिहासाची परीक्षा द्यावी काय?” मुळीच देऊ नये. चांगल्या प्रवासवर्णनाला इतिहासच लागतो असे नाही. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली अमेरिकेवर पुस्तक लिहिले आणि त्याच्या नावात ‘लोकस्थिती’ आधी ठेवली, ‘प्रवासवृत्त’ नंतर. पुढे १९६० साली पु. ल. देशपांडे यांच्या ‘अपूर्वाई’ने नेमका उलटा रस्ता धरला. तिथे हसणे आहे, खाणे आहे, स्वतःची फजिती आहे. एक पुस्तक गंभीर, दुसरे खेळकर. पण दोन्हीकडे परक्या भूमीशी लेखकाचे नाते जुळलेले आहे. आजच्या पानांत उणीव आहे ती या नात्याची.

आणि या शहराशी तर आपले नाते शोधायलाही जावे लागत नाही. १९१३ साली इथल्याच हिल स्ट्रीटवर ‘युगांतर आश्रम’ होता आणि त्याच वर्षी १ नोव्हेंबरला ‘गदर’ पत्राचा पहिला अंक निघाला. गदरच्या मंडळींत वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे होते, तळेगाव ढमढेरेचे विष्णु गणेश पिंगळे होते. पिंगळे हिंदुस्थानात परतले आणि १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या तुरुंगात फासावर गेले. वुड स्ट्रीटवर गदरचे स्मारक आज उभे आहे. लोंबार्डच्या आठ वळणांना चार परिच्छेद देणाऱ्या मराठी लेखकाला या दोन नावांसाठी एक ओळ सापडू नये, याची खंत वाटते.

पुलावरून आणि टेकड्यांवरून उपसागरात एक हिरवे बेट दिसते, एंजल आयलंड. १९१० ते १९४० या काळात तिथे येणाऱ्या परदेशीयांची चौकशी होई. बहुतेक चिनी, पण त्यांत हिंदुस्थानीही होते. कोणी काही दिवस, कोणी महिनोन्महिने अडकून पडे. चिनी बंदिवानांनी तिथल्या लाकडी भिंतींवर कविता कोरल्या. त्यांतल्या कित्येक अजून वाचता येतात. माझ्या मते या शहरावरचे सर्वांत अस्सल प्रवासवर्णन ते आहे. शहर पाण्यापलीकडे. आणि पाहायची मुभा नाही. ज्यांना ती मुभा सहज मिळाली, त्यांच्यावर काही जबाबदारी येते की नाही?

म्हणून कोणी लेखणी खाली ठेवावी असे मी म्हणत नाही. आईवडिलांच्या या लेखनाजवळ एक गुण आहे, तो पंडितांजवळ नसतो. तो म्हणजे घरगुती नजर. जुलैत स्वेटर घालावा लागला. उतारावर गाडी उभी करताना पुढची चाके वळवून कडेच्या दगडाला टेकवून ठेवली, कारण ब्रेक सुटला तरी ती घरंगळू नये. असे काही ज्या पानावर येते, ते जिवंत होते. आतला तापलेला प्रदेश समुद्रावरचे गार धुके सामुद्रधुनीतून ओढून घेतो, हे शास्त्र मागाहून कळले तरी चालेल. गारठा आधी अंगावर यावा लागतो. हीच नजर थोडी पुढे न्यावी. चाके अशी का वळवली हे जी आजी विचारते, तिने टेकडीच्या माथ्यावर कोण राहिले आणि पायथ्याशी कोण, हेही विचारावे. तेवढ्यानेही आपले प्रवासवर्णन पुष्कळ उंचावेल.