रुपयामागे एक पैसा

धोंडो केशव कर्वे यांचं 'आत्मवृत्त' १९१५ साली प्रसिद्ध झालं. फर्ग्युसन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी नुकतीच संपली होती, वय ५७. ज्या महिला विद्यापीठामुळे आज त्यांचं नाव घेतलं जातं, ते अजून जन्मालाही आलं नव्हतं. कृतार्थ आयुष्याचा आढावा म्हणून आपण जे पुस्तक उघडतो, ते लेखकाने अर्ध्या वाटेवर लिहिलं आहे. हे ध्यानात ठेवलं की त्याचा स्वर वेगळा ऐकू येतो. इथे सिद्ध पुरुष बोलत नाही, हातात काम असलेला माणूस बोलतो.

साताऱ्याची हकिगतच घ्या. सतरा वर्षांचा मुलगा परीक्षेला बसायचं म्हणून मुरूड या आपल्या गावाहून निघतो. पावसाळ्यामुळे समुद्राची वाट बंद, म्हणून मुंबई नाही, सातारा. सोबत्यांबरोबर कुंभार्ली घाट चढून, शंभरावर मैल पायी. एवढं करून पोचल्यावर समितीने सांगितलं की हा मुलगा सतराचा दिसत नाही, याला बसता येणार नाही. दुसऱ्या कुणी हा प्रसंग रंगवून रंगवून आयुष्याला कलाटणी देणारा ठरवला असता. कर्वे वाट सांगतात, पाऊस सांगतात, नकार सांगतात आणि पुढे जातात. पुढे कोल्हापूरला परीक्षा दिली, पास झाले. त्या नकाराचं त्यांनी ना भांडवल केलं, ना त्याची जखम जपली. व्यक्तिमत्त्व घडवण्याची पुस्तकं मी आवडीने वाचतो. त्यांतल्या बहुतेकांत अपयश हे यशाचं पहिलं पान असतं. कर्व्यांच्या पुस्तकात अपयश हे अपयशच राहतं, आणि तरीही माणूस दुसऱ्या दिवशी उठून चालायला लागतो. मला हे जास्त खरं वाटतं.

पुस्तकातली मला सर्वांत मोठी वाटलेली गोष्ट मात्र एका पैशाची आहे. मुंबईत शिकताना शिकवण्या करून थोडी कमाई सुरू झाली, तेव्हा त्यांनी ठरवलं की मिळालेल्या प्रत्येक रुपयामागे एक पैसा धर्मकार्यासाठी बाजूला टाकायचा. तेव्हा रुपयाचे पैसे ६४. म्हणजे कुणाच्या डोळ्यांत भरू नये इतका लहान हिस्सा, पण न चुकता. 'ऐपत आली की देऊ' हा आपला सगळ्यांचा ठरलेला वायदा असतो. कर्वे ऐपतीची वाट पाहत नाहीत. ते प्रमाण ठरवतात. गणिताच्या माणसाची ही दृष्टी आहे: रक्कम बदलेल, गुणोत्तर बदलणार नाही. मुरूड फंडाची कल्पना याच सवयीतून उगवली, आणि आपल्या गावाच्या शिक्षणासाठी चार माणसांना पैसे मागण्याचा सरावही तिथेच सुरू झाला.

सराव हा शब्द मी मुद्दाम वापरतो, कारण कर्वे स्वभावाने कमालीचे लाजाळू होते आणि ते तसं स्पष्ट लिहितात. हा लाजाळूपणा त्यांनी आधी घालवला आणि मग कामाला लागले, असा क्रम पुस्तकात कुठेही नाही. मुरूडला सोमण गुरुजींनी दुर्गादेवीच्या देवळात गावकऱ्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायला लावलं. वाचायचं होतं म्हणून तोंड उघडलं. पुढे विधवांसाठी काढलेल्या आश्रमासाठी पैसे हवे होते म्हणून अनोळखी दारं ठोठावली. स्वतःला सुधारण्याचा कार्यक्रम त्यांनी आखलेला दिसत नाही. काम पुढे ओढत गेलं आणि माणूस त्याच्यामागून वाढत गेला.

१८९१ साली पहिल्या पत्नी राधाबाई गेल्या. १८९३ मध्ये त्यांनी शारदा सदनात शिकणाऱ्या गोदूबाई या विधवेशी, पुढच्या आनंदीबाईंशी, पुनर्विवाह केला. मुरूडने बहिष्कार घातला, इतका की मुलगा घरी राहिला तर आईलाही वाळीत टाकायचं. ज्या गावासाठी पैसा पैसा साठवला, त्याच गावाने हे केलं. तरीही त्या पानांवर कडवटपणा सापडत नाही. १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम सुरू झाला, पुढे तो हिंगण्याच्या माळावर गेला. दिवसभर कॉलेजात गणित शिकवायचं, मग चारेक मैल चिखल तुडवत हिंगण्याला जायचं, मुलींना शिकवायचं, सकाळी परत कॉलेज. अर्थपूर्ण काम म्हणतात ते नोकरी सोडल्याशिवाय होत नाही असं मानणाऱ्याने ही पानं सावकाश वाचावीत.

या शांत गद्याची एक उणीवही आहे. साठवलेले पैसे आणि विम्याची पॉलिसी आश्रमाला देऊन टाकल्यावर घर कसं चाललं, हे कळायला आनंदीबाईंचं 'माझे पुराण' जवळ घ्यावं लागतं. १९४४ चं हे पुस्तक फटकळ आहे, जिवंत आहे, आणि घरातली ओढाताण ते लपवत नाही. नवऱ्याच्या त्यागाचे हप्ते बायको कसे फेडते, हे त्यात दिसतं. ही दोन्ही पुस्तकं जोडीने वाचावीत असं माझं ठाम मत आहे. एकटं 'आत्मवृत्त' वाचलं तर त्याग फार स्वस्त वाटू लागतो.

'आत्मवृत्त' जिथे संपतं, त्याच्या पुढची गोष्ट कर्व्यांनी 'लुकिंग बॅक' या इंग्रजी आत्मचरित्रात सांगितली आहे. टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका टपालाने आली. त्यांनी चाळली आणि बाजूला ठेवून दिली. पुढे सामाजिक परिषदेचं अध्यक्षपद आलं, भाषणाला विषय हवा होता, तेव्हा तीच पुस्तिका पुन्हा काढून नीट वाचली. १९१६ मध्ये महिला विद्यापीठ उभं राहिलं. पहिल्या वाचनात त्या पानांनी काहीच केलं नव्हतं. दुसऱ्या वेळी वाचणाऱ्याला गरज होती. वाचनातून आयुष्य बदलतं असं आपण सहज म्हणतो, पण बदल झाला तो आश्रमाची जवळपास वीस वर्षं पाठीशी असलेल्या माणसाच्या हातात ती पुस्तिका पडली म्हणून.

'लुकिंग बॅक' १९३६ साली आलं. त्याच साली ७८ वर्षांच्या कर्व्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढलं आणि शाळा नसलेल्या खेड्यांसाठी वर्गणी मागायला ते पुन्हा लोकांच्या दारी गेले.