विंचवाच्या शोधनिबंधात कामे किती?

बारावी शास्त्र झालेल्या मुलांसाठी निघणाऱ्या मार्गदर्शन-पुस्तिकांत 'जैववैद्यकीय संशोधन' या मथळ्याखाली बहुधा प्रवेशपरीक्षांची आणि मोठ्या शहरांतील संस्थांची यादी असते. ती वाचून रत्नागिरीच्या मुलाला हे काम मुंबई-पुण्यापलीकडेच चालते असे वाटले तर नवल नाही. शिवाय त्या कामात माणूस दिवसभर करतो काय, हे त्याला कळतच नाही. त्यापेक्षा वर्गात एक शोधनिबंध वाचावा. डॉ. हिम्मतराव व डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचा, शेजारच्या रायगड जिल्ह्यातील महाड येथे झालेला आणि २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आलेला.

विषय आपल्याच गडग्यांतला, लाल विंचू. त्याच्या विषाने शरीरात अ‍ॅड्रिनलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो. घाम सुटतो, हातपाय गार पडतात, हृदय थकते, फुप्फुसांत पाणी साचते. १९७६ पासून महाड परिसरातले असे रुग्ण पाहून बावस्करांनी टिपणे ठेवली आणि रक्तदाबावरचे प्राझोसिन हे स्वस्त औषध येथे जीव वाचवते असे १९८६ साली 'लॅन्सेट'मधून मांडले.

२०११ चा प्रश्न पुढचा होता. प्राझोसिनच्या जोडीला प्रतिविष दिले तर? ७० रुग्णांचे यदृच्छेने दोन गट केले, प्रत्येकी ३५. दहा तासांत लक्षणे पूर्ण गेली ती जोड-उपचाराच्या गटात ३२ जणांची, नुसत्या प्राझोसिनच्या गटात ८ जणांची. ज्या औषधाने नाव मिळाले ते एकटे अपुरे पडते का, हे त्याच माणसाने तपासावे, ही गोष्ट मला आकड्यांहून मोठी वाटते.

तरीही निबंधात उणे आहे. कोणाला काय दिले हे डॉक्टर आणि रुग्ण दोघांनाही ठाऊक होते. हात गरम झाला की नाही, घाम थांबला की नाही, हे पाहणाऱ्याच्या मतावर काही अंशी अवलंबून असते. शिवाय रुग्णालय एकच. उपचार झाकून ठेवायचे तर दिसायला सारखे पण निष्क्रिय द्रव्य हवे, नोंदी घेणारा वेगळा माणूस हवा, म्हणजेच आणखी हात हवेत.

करिअरचा प्रश्न खरा येथे येतो. विंचवाची जात ओळखायला प्राणिशास्त्रज्ञ, विषाचे घटक वेगळे करायला जीवरसायनाचा पदवीधर, घोड्यांच्या रक्तापासून प्रतिविष बनवायला हाफकिनसारखी संस्था, ३५ रुग्ण पुरेत का हे सांगायला संख्याशास्त्रज्ञ. यांतला एकही एम.बी.बी.एस. असण्याची गरज नाही. गणितात रमणाऱ्या मुलाला हे कोणी सांगत नाही!

पुस्तिका आणखी एक गोष्ट सांगत नाहीत. अशा जागा पुष्कळदा प्रकल्पापुरत्या असतात. प्रकल्प संपला की पगार संपतो. पीएच.डी.ची पाच-सहा वर्षे शिष्यवृत्तीवर काढावी लागतात. पालकांना हे आधीच सांगावे. रत्नागिरीत २०२३ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. चिपळूणजवळ डेरवणच्या वालावलकर रुग्णालयात किशोरवयीन मुलींच्या पोषणावर अभ्यास चालतो. रुग्ण आणि प्रश्न जिल्ह्यात आहेत. त्यांच्यासाठी कायम पदे किती, हे मुलांनी तेथे जाऊन विचारावे.

निबंध इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतो. ३२ आणि ८ चा तक्ता फळ्यावर मांडायला एक तासिका पुरते.