डबा कुणी भरला?

बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असताना मंचरच्या कॉलेजात मी एक प्रेझेंटेशन दिलं होतं. विषय होता, 'मुंबईचे डबेवाले आणि व्यवस्थापन'. आमच्याकडे हा विषय घरचाच. जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ या पट्ट्यातल्या गावांनी मुंबईला पिढ्यान्‌पिढ्या डबेवाले पुरवलेत. माझे एक चुलतेही वीस वर्षं डबे वाहत होते. त्यामुळे मी जोरात होतो. शेवटच्या स्लाइडवर तर मी स्वतःचं डोकं लावलं होतं : 'माझी आई, घरातली ऑपरेशन्स मॅनेजर'. पहाटे साडेचारला उठते, म्हशीची धार काढते, सहाच्या आत दूध डेअरीवर, सातला वडिलांचा डबा तयार. खाली मोठ्या अक्षरात 'जस्ट इन टाइम'. टाळ्या पडल्या.

घरी आल्यावर आईला मोबाइलवर ती स्लाइड दाखवली. ती भाकरी थापत होती. पिठाचा हात बाजूला धरून तिने बघितलं, हसली आणि म्हणाली, "मॅनेजरला पगार किती असतो रं?"

मी काहीतरी आकडा सांगितला.

"मग यात माझा किती लिहिलाय?"

मला काही बोलता आलं नाही. जेवलेलं ताट मी तिथेच ठेवून उठलो होतो, हेही तेव्हाच लक्षात आलं.

तेव्हापासून या जातीचं लेखन समोर आलं की मी ते जरा थांबून वाचतो. आणि ते सारखं समोर येतं. आठ मार्च जवळ आला की फॅमिली ग्रुपवर पोस्ट येतात. किराणा भरणं म्हणजे इन्व्हेंटरी, अचानक पाहुणे आले की क्रायसिस मॅनेजमेंट, भिशी म्हणजे फायनान्स, सासू-नणंद सांभाळणं म्हणजे ह्यूमन रिसोर्स. गृहिणी ही घराची सीईओ. शेवटी दोन हात जोडलेले. कुणीतरी हे लिहितं, लाखो लोक वाचतात, पुढे पाठवतात. म्हणजे हा एक साहित्यप्रकारच झाला. मग त्याची समीक्षाही व्हायला हवी.

आधी त्याच्या बाजूने बोलतो. यातली निरीक्षणं खोटी नसतात. सातगाव पठारावरचा बटाटा घरात आला की आई पहिल्याच दिवशी तो निवडायला बसते. खोरं लागलेला वेगळा काढून तो आधी भाजीला जातो, चांगला मागे राहतो. नवी बाजरी आली तरी जुनी संपल्याशिवाय तिला हात लागत नाही. व्यवस्थापनाच्या पुस्तकात हेच लिहिलेलं असतं, फक्त नाव इंग्रजी असतं. तेव्हा तुलना चुकत नाही. चुकतो तो हिशेब. मजुरी शून्य धरून चालणारा धंदा जगातलं कुठलंच पुस्तक शिकवत नाही. हे लेखन मात्र घराला कंपनी म्हणतं आणि पगाराचा रकाना गाळून टाकतं.

या प्रकारातला सगळ्यात गाजलेला नमुना आमच्याच डबेवाल्यांचा. १८९० साली महादू हावजी बच्चे यांनी हे काम सुरू केलं. शंभरेक वर्षांनी, १९९८ मध्ये, 'फोर्ब्ज'मध्ये त्यांच्यावर लेख आला आणि 'फोर्ब्जने डबेवाल्यांना सिक्स सिग्मा दिलं' हे वाक्य जगभर फिरलं. गंमत म्हणजे आपण तो शब्द वापरलाच नव्हता, असं त्या लेखाच्या लेखकानेच नंतर सांगितलं. पण वाक्य थांबलं नाही. माझ्याही दुसऱ्या स्लाइडवर ते होतंच. धडा एकदा आवडला की तो खरा आहे का, हे कुणी तपासत नाही. या साहित्यप्रकाराची ही जुनी खोड आहे.

२०१० मध्ये हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या स्टीफन थॉम्के यांनी डबेवाल्यांवर केस स्टडी केली, २०१२ मध्ये लेखही लिहिला. ते लेखन फॉरवर्डसारखं उथळ नाही. डब्यावरच्या साध्या खुणा, लोकलच्या वेळापत्रकाशी बांधलेला दिवस, एकाच पट्ट्यातली माणसं असल्याने आलेला विश्वास, हे सगळं एकमेकांना कसं धरून आहे ते थॉम्के नीट उलगडतात. त्यांच्या लेखात एक बारीक मुद्दा येतो. ज्या घरचा डबा वारंवार वेळेवर तयार नसतो, ते गिऱ्हाईक डबेवाले सोडून देतात. शिस्त म्हणून हे बरोबरच आहे. माझे चुलतेही सांगायचे, एका दारात पाच मिनिटं गेली की लोकल गेली. पण मग याचा अर्थ असा, की मुंबईतली लाखभर स्वयंपाकघरंही रोज वेळ पाळत होती. गॅसपुढे उभ्या असलेल्या बाईचं घड्याळ चुकलं असतं तर डबेवाल्याचंही चुकलं असतं. तिच्या वेळेवर ही सगळी कीर्ती उभी आहे. तरी डबेवाल्यांवरच्या बहुतेक लेखनात गोष्ट दारापासून सुरू होते. डबा 'तयार असतो'. तो कुणी तयार केला, किती वाजता उठून केला, याला वाक्यात कर्ताच नसतो.

रितेश बत्राचा 'द लंचबॉक्स' (२०१३) मला म्हणूनच महत्त्वाचा वाटतो. तो दाराच्या आत जातो. इला डबा करते, वरच्या मजल्यावरच्या देशपांडे आंटी खिडकीतून मसाला सांगतात, आणि तो डबा चुकून भलत्याच माणसाकडे पोचतो. इला तक्रार करते तेव्हा डबेवाला मान्यच करत नाही. हार्वर्डवाले येऊन बघून गेले, आमची चूक होत नाही, असं तो ठणकावतो. थिएटरात इथे हशा येतो. पण जरा थांबून बघा, एका बाईला समोर काय झालंय हे दिसतंय आणि तिला उत्तर म्हणून केस स्टडी दाखवली जातेय. धड्यांच्या साहित्यावर याहून नेमकी टीका मी वाचलेली नाही. इलाच्या नवऱ्याला तर आपण दुसऱ्याच कुणाचा डबा खाल्ला हेही कळत नाही. सिनेमाची मर्यादाही सांगायला हवी. तिथेही इलाला मिळतं ते कौतुक, चाटूनपुसून परत आलेला डबा आणि चिठ्ठी. कष्टाच्या मोलाचा प्रश्न सिनेमा विचारत नाही.

तो प्रश्न विचारणारी गोष्ट कागदावर नाही, गिरगावात घडली. १५ मार्च १९५९ रोजी सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. तेच लिज्जत. घरकामातून धंद्याचा धडा काढायचाच असेल तर तो इथून काढावा. पापड त्या आधीही लाटतच होत्या. बदल एवढाच झाला की लाटण्याचे पैसे ठरले आणि लाटणारी मालकीण झाली. पीठ घरी न्यायचं, लाटलेले पापड केंद्रावर द्यायचे, मजुरी घ्यायची, नफ्यातोट्यात वाटा घ्यायचा. तिथे बाईला कुणी सीईओ म्हणत नाही, 'बहीण' म्हणतात. पण रकाना भरलेला असतो.

दुसरा प्रश्न, हा धडा सांगतं कोण आणि ऐकतं कोण? आमच्या आज्या जात्यावर ओव्या म्हणायच्या. हेमा राईरकर आणि गी प्वातवॅं यांनी अशा लाखभर ओव्या जमवल्या, त्यातल्या कितीतरी पुणे जिल्ह्याच्या मावळ-मुळशीतल्या. तिथेही दळणातून जगण्याचं शहाणपण निघतं. पण दळणारी बाई स्वतः बोलते, आणि शेजारी खुंटा धरून बसलेलीला सांगते. आठ मार्चच्या पोस्टमध्ये बाई नुसती उदाहरण असते. धडा तिसऱ्याच कुणासाठी असतो. माझ्या स्लाइडवर आई होती, वर्गात नव्हती.

हे फक्त भावनेचं नाही. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाची सरासरी २९९ मिनिटं निघाली, पुरुषांची ९७. त्यातही मुळात घरकामाला हात लावणारे पुरुष शंभरात २६. देशाच्या उत्पन्नात आमच्या म्हशीचं दूध धरतात, ते तापवून केलेला चहा धरत नाहीत. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने रकाना गाळला, तो एकट्याने गाळलेला नाही.

डेअरीचं कार्ड आमच्याकडे वडिलांच्या नावावर होतं. धार काढायची आईने, बिल जमा व्हायचं त्यांच्या खात्यात. गेल्या वर्षी ते आईच्या नावावर करून घेतलं. वडील दोन दिवस गप्प होते, मग सवय झाली. आता दर दहा दिवसांनी मेसेज तिच्या मोबाइलवर येतो, आणि फॅट कमी लागली तर तीच डेअरीवर जाऊन भांडते. सकाळची भाकरी अजून तीच थापते. रात्रीची भांडी मी घासतो. कढईचा तळ नीट निघत नाही म्हणून ती अजून बोलते.