आयेशा कोणाच्या बाजूची?

आमच्या उर्दू शाळेत एखादे शिक्षक रजेवर असले की त्यांचा तास बहुधा आमच्या गळ्यात पडतो. नववीच्या अशाच एका ऑफ तासाला आम्ही मुलांना बंकिमचंद्रांच्या 'दुर्गेशनंदिनी'चा किस्सा सांगितला. मुलगे तलवारबाजीवर खूश झाले. मागच्या बाकावरची एक मुलगी मात्र उभी राहिली आणि म्हणाली, "सर, ज्या बाईने आयेशाच्या अब्बांना मारलं, तिच्याच घरी आयेशा शादीला कशी गेली?"

तास संपल्याची घंटा झाली आणि आमची सुटका झाली. पण प्रश्न सुटला नाही. ही कादंबरी आम्ही दोनदा वाचली होती, तरी हा प्रश्न आम्हाला पडला नव्हता. तो का पडला नाही, याचा शोध म्हणजे हा लेख.

'दुर्गेशनंदिनी' 1865 साली प्रसिद्ध झाली. बंकिमचंद्रांची ही पहिली बंगाली कादंबरी. काळ अकबराचा. मुलूख बंगाल आणि ओरिसा यांच्या सीमेवरचा. एकीकडे मोगलांची फौज, दुसरीकडे ओरिसातले पठाण आणि मधोमध गड मांदारणचा किल्लेदार वीरेंद्रसिंह. सरहद्दीवर घर असलेल्या माणसाला 'मी कोणाचाच नाही' असे म्हणण्याची मुभा नसते. त्याला बाजू घ्यावीच लागते आणि जी बाजू घेईल तिची किंमत मोजावी लागते. वीरेंद्रसिंह ती स्वतःच्या शिराने मोजतो.

त्याची मुलगी तिलोत्तमा आणि मोगल सेनापती मानसिंहाचा मुलगा जगतसिंह यांची भेट एका देवळात, वादळी संध्याकाळी होते. पुढे पठाण किल्ला घेतात. जखमी जगतसिंह त्यांचा कैदी होतो. त्याची शुश्रूषा करते पठाण नवाब कतलू खानाची मुलगी आयेशा. ती त्याच्यावर प्रेम करू लागते आणि तिच्यावर प्रेम करणाऱ्या उस्मानसमोर तसे निर्भयपणे बोलूनही दाखवते. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या कादंबरीत एका मुस्लिम मुलीला इतके ताठ उभे केलेले पाहून आजही मन भरून येते. उस्मानही खलनायक नाही. तो शूर आहे, शब्दाचा पक्का आहे. हे श्रेय बंकिमचंद्रांना दिलेच पाहिजे.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. कतलू खान वीरेंद्रसिंहाला ठार करवतो. वीरेंद्रसिंहाची विधवा विमला नवाबाच्या जन्मदिवसाच्या जलशात कतलू खानाच्या छातीत खंजीर खुपसते. म्हणजे तिलोत्तमाचा बाप आयेशाच्या बापाने मारला आणि आयेशाचा बाप तिलोत्तमाच्या सावत्र आईने. कादंबरीच्या शेवटी या दोन मुली लग्नघरात समोरासमोर येतात. काय बोलतात? आयेशा नव्या नवरीला दागिने देते, जगतसिंहाचे सुख मागते, परतते आणि अंगठीतले विष घेण्याचा मोह आवरून ती अंगठी खंदकात फेकून देते. प्रसंग हृद्य आहे. पण दोन मेलेल्या बापांचा उच्चार तिथे होत नाही.

आमच्या मते कादंबरीचे खरे अपयश इथे आहे. दुभंगलेल्या निष्ठेची कथा सांगायची आणि निष्ठा जिथे खरोखर दुभंगते तिथेच नजर फिरवायची! आयेशा प्रेयसी म्हणून थोर होते, पण मुलगी म्हणून तिला कादंबरीत जागाच उरत नाही. तिचे घर, तिचा कौम, तिचे पितृशोक हे सारे नायकाच्या वाटेतून अलगद बाजूला केले जाते.

इतिहास पाहिला तर ही गोष्ट अधिकच खटकते. जगतसिंहाचा पराभव खरा आहे. 1590 साली तो कतलूच्या पठाणांकडून हरला आणि विष्णुपूरच्या हंबीर राजाने त्याला वाचवले. परंतु कतलू खान आजाराने मेला, खंजिराने नव्हे. खून ही कादंबरीकाराची निर्मिती. ते स्वातंत्र्य त्याला आहेच, पण खून रचल्यावर त्या खुनाचे ओझे मुलीच्या मनावर दाखवणे हे त्याचे कर्तव्य होते. दुसरे असे की ही लढाई हिंदू आणि मुसलमान यांची नव्हतीच. मानसिंह राजपूत, त्याचा बादशहा मुसलमान, समोरचे पठाणही मुसलमान. खरा उस्मान 1612 साली लढताना पडला तो जहांगीर बादशहाच्या फौजेशी.

हे वाचून आपल्यापैकी काहींना बरे वाटेल. थांबा, आता आरसा आपल्याकडे वळवू.

'दुर्गेशनंदिनी'चा उर्दू तर्जुमा अब्दुल हलीम शरर यांनी केला होता. त्याच शररनी 1888 साली 'मलिकुल अजीज वर्जना' लिहिली. वॉल्टर स्कॉटच्या 'टॅलिसमन'मधले मुसलमानांचे चित्र त्यांना सलले होते, त्याचे हे उत्तर. यात सलीबी जंगांच्या धामधुमीत रिचर्डच्या गोटातली ख्रिस्ती राजकन्या सुलतान सलाहुद्दीनच्या मुलावर जीव टाकते. आम्ही ही कादंबरी अकरावीत असताना रात्र जागवून वाचली. छाती फुगली होती. वर्जना आपले घर, आपला मजहब, आपली माणसे मागे टाकताना आतून किती तुटली असेल, हे आमच्या मनातही आले नाही. ती 'आपल्याकडे' आली, एवढे पुरे होते!

बंगालमध्ये इस्माईल हुसेन शिराजी यांनी बंकिमचंद्रांना उत्तर म्हणून 'रायनंदिनी' लिहिली. तिथे हिंदू जमीनदाराची मुलगी ईसा खानावर प्रेम करते. पारडे उलटले, तराजू तोच राहिला. लेखक ज्या बाजूचा, नायक त्या बाजूचा, आणि सरहद्द ओलांडून यायचे ते नेहमी समोरच्यांच्या मुलीने. प्रेमकथा म्हणून जे आपण वाचतो ते पुष्कळदा जिंकलेल्या मुलुखाचे वर्णन असते.

गंमत अशी की खऱ्या इतिहासात एका मुलीने तोंड उघडले आहे. 1191 साली तहाच्या बोलण्यांत रिचर्डने आपली बहीण जोन हिचा निकाह सलाहुद्दीनचा भाऊ अल आदिल याच्याशी लावण्याचा प्रस्ताव मांडला होता. सलाहुद्दीनच्या पदरी असलेल्या बहाउद्दीन इब्ने शद्दादने लिहून ठेवले आहे की, बहिणीने संतापून साफ नकार दिला. बखरकाराने नोंदवलेला हा 'नाही' आमच्या कादंबरीकारांना मात्र ऐकू आला नाही.

हा प्रश्न जुन्या पुस्तकांपुरता असता तर आम्ही एवढे लिहिले नसते. आजही एखाद्या मुलीने समाजाबाहेर लग्न केले की दोन्हीकडचे लोक हार आणि जीत मोजू लागतात. तिला कोणी विचारत नाही. वर्गातल्या मुली हे सारे ऐकत असतात.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. 'दुर्गेशनंदिनी' आणि 'वर्जना' ही दोन्ही पुस्तके शाळेच्या कपाटात शेजारी शेजारी असावीत आणि एकापाठोपाठ एक वाचायला द्यावीत. एकटे पुस्तक अभिमान किंवा राग शिकवते, दोन मिळून प्रश्न शिकवतात. आणि आपल्या नव्या लेखकांना, विशेषतः लेखिकांना, विनंती आहे की सरहद्दीवरची कथा लिहाल तेव्हा आयेशाला एकदा वडिलांच्या कबरीवर जाऊ द्या, मग लग्नाला न्या. कदाचित ती जाणार नाही. कदाचित जाईल आणि विमलेच्या डोळ्याला डोळा देऊन उभी राहील. त्या क्षणी दोघी काय बोलतील, ते वाचायला आम्ही आणि आमच्या मागच्या बाकावरची ती मुलगी अजून थांबलो आहोत.