‘त्याला काय वाटेल?’ : बालकांच्या परमन-आकलनाच्या कसोट्यांची भाषिक चिकित्सा (मानोरा परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना :
दुसऱ्या व्यक्तीला स्वतःचे असे मन असते, तिची समजूत आपल्या समजुतीहून वेगळी, प्रसंगी चुकीचीही असू शकते आणि तरीही ती व्यक्ती त्या समजुतीनुसारच वागते, या आकलनाला बालमानसशास्त्रात ‘मनाचा सिद्धांत’ असे म्हटले जाते. प्रिमॅक व वुडरफ यांनी १९७८ मध्ये चिंपांझीविषयी लिहिताना ही संज्ञा रूढ केली. विमर आणि पेर्नर यांनी १९८३ मध्ये तिला बालकांसाठी कसोटीचे रूप दिले. मॅक्सी नावाचा मुलगा चॉकलेट एका कपाटात ठेवून बाहेर जातो. त्याच्या पश्चात आई ते दुसऱ्या कपाटात ठेवते. परत आल्यावर तो ते कोठे शोधेल, असा हा प्रश्न. तीन वर्षांचे मूल बहुधा चॉकलेट प्रत्यक्ष जेथे आहे ते कपाट दाखविते. चार-पाच वर्षांचे मूल मॅक्सीच्या चुकीच्या समजुतीचा विचार करू लागते. वेलमन व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये १७८ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण करून हे वयानुसार होणारे परिवर्तन खरे असल्याचे दाखवून दिले. हा निष्कर्ष येथे वादाचा विषय नाही. वादाचा विषय आहे तो ही कसोटी मराठीत, आणि त्यातही मानोऱ्यासारख्या बहुभाषिक तालुक्यात, जशीच्या तशी वापरण्याचा.

‘वाटणे’ या क्रियापदाची अडचण :
या कसोटीचा प्रश्न मराठीत आणताना पहिला शब्द सुचतो तो ‘वाटणे’. परंतु हे क्रियापद विचार आणि भावना या दोहोंचा भार एकट्याने वाहते. ‘मला वाटते तो येईल’ यात अंदाज आहे. ‘मला भीती वाटते’ यात भावना आहे. त्यामुळे ‘चॉकलेट कुठे आहे असे मॅक्सीला वाटेल?’ या लांबलचक वाक्याऐवजी ‘मॅक्सीला काय वाटेल?’ असे सुटसुटीत विचारले, तर ‘वाईट वाटेल’ हे उत्तर येणे स्वाभाविक आहे. ते उत्तर चुकीचे नाही. उलट, आपली वस्तू हरवलेल्या मुलाच्या मनाचा अचूक वेध त्यात आहे. गुणपत्रिकेत मात्र त्यापुढे शून्य पडेल.

मराठीची दुसरी बाजू अधिक समृद्ध आहे व तिच्याकडे अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. ‘त्याला कळले’ म्हटले की कळलेली गोष्ट खरी असते. ‘त्याला वाटले’ म्हटले की ती खरी की खोटी हे मोकळे राहते, आणि बोलण्याचा सूर बहुधा खोटेपणाकडे झुकतो. ‘तो दोरीला साप समजला’ यात तर चूक उघडच सांगितलेली असते. मात्र ‘त्याला समजले’ असे रूप बदलताच तेच क्रियापद खऱ्या ज्ञानाचे होते. केवळ विभक्तीच्या फरकाने ज्ञान आणि भ्रम वेगळे होतात. शिवाय ‘म्हणे’ आहेच. ‘तो आला म्हणे’ या तीन शब्दांत बोलणारा बातमी देतो आणि तिची जबाबदारी दुसऱ्यावर सोपवितो. (रज्जुसर्पाचा दृष्टान्त वेदान्ताने घरोघरी पोचविला खरा, पण तेथे फसतो तो पाहणारा स्वतः; बालकापुढचे कोडे आपल्याला दोरी दिसत असताना दुसऱ्याला साप दिसतो, हे ओळखण्याचे आहे.) ‘समजला’ आणि ‘समजले’ यांतील भेद मराठी मूल कोणत्या वयात पकडते, हे तपासल्याशिवाय भाषांतरित कसोटीच्या गुणांना अर्थ देणे घाईचे ठरते.

भाषेचा प्रश्न गौण नाही, याचा पुरावा निकाराग्वातून मिळतो. तेथील कर्णबधिर शाळांमध्ये १९७० च्या दशकानंतर एक नवी खूणभाषा जन्माला आली. पायर्स आणि सेंघस यांनी २००९ मध्ये दाखवून दिले की, पहिल्या पिढीतील प्रौढ व्यक्ती मनोव्यापारदर्शक खुणांच्या अभावी या कसोटीत नंतरच्या पिढीतील तरुणांच्या मागे पडत होत्या. पुढे त्या खुणा अवगत झाल्यावर त्यांची कामगिरी सुधारली. बुद्धी तीच होती, शब्द नंतर आले.

प्रश्नाची नुसती मांडणीही निर्णायक ठरते. ‘मॅक्सी कुठे शोधेल?’ हा प्रश्न ‘त्याने कुठे शोधावे?’ असा ऐकला, तर मदतीस तत्पर असलेले मूल खरी जागाच दाखवेल. सीगल आणि बीटी यांनी १९९१ मध्ये ‘सर्वांत आधी कुठे शोधेल?’ असे विचारताच तीन वर्षांच्या मुलांची उत्तरे सुधारल्याचे नोंदविले. क्रमाविषयीही सावधगिरी हवी. इतरांची मते वेगळी असतात हे आधी उमगते आणि इतरांना काही माहीत नसते हे नंतर, असा क्रम पाश्चात्त्य मुलांत आढळला. चीन आणि इराणमधील मुलांत तो उलटा निघाला. कॅलाहन व सहकाऱ्यांच्या २००५ मधील पाच देशांच्या अभ्यासात भारतही होता. तथापि एका ठिकाणची मुले या देशाच्या सर्व भाषांची प्रतिनिधी होऊ शकत नाहीत, हे सांगावे लागू नये.

मानोरा परिसर :
वाशीम जिल्ह्यातील मानोरा तालुक्यात हा प्रश्न तात्त्विक राहत नाही. पोहरादेवी याच तालुक्यात आहे आणि परिसरात बंजारा समाजाचे तांडे आहेत. तांड्यावरील मूल घरी गोरमाटी बोलते, बाजारात वऱ्हाडी ऐकते आणि अंगणवाडीत प्रमाण मराठीला सामोरे जाते. ‘त्याले वाटलं’ हेच जेथे सवयीचे, तेथे ‘त्याला वाटेल’ हा पुस्तकी प्रश्न तिसऱ्या भाषेतून आलेला असतो. असे मूल गप्प बसले, तर त्याची नोंद ‘आकलन कमी’ अशी होण्याचा धोका आहे. या कसोटीचा संबंध स्वमग्नतेशी जोडला गेला असल्याने हा धोका अधिक गंभीर होतो. बॅरन-कोहेन, लेस्ली आणि फ्रिथ यांच्या १९८५ मधील अभ्यासात २० पैकी १६ स्वमग्न मुले अनुत्तीर्ण ठरली होती. तो गटांची तुलना करणारा अभ्यास होता. एखादे मूल अनुत्तीर्ण झाले म्हणून ते स्वमग्न, असा उलटा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

वस्तुतः या मुलाजवळ एक जमेची बाजू आहे. आपण बोललेले आजीला समजते, पण दुकानदाराला समजत नाही, हे त्याला फार लवकर उमगते आणि समोरचा माणूस पाहून ते भाषा बदलते. हा परमनाचा रोजचाच अंदाज आहे. गोएट्झ यांनी २००३ मध्ये इंग्रजी-मँडरिन द्विभाषिक मुले एकभाषिक मुलांपेक्षा या कसोट्यांत सरस ठरल्याचे नोंदविले होते. गोरमाटी-मराठी मुलांबाबत असा अभ्यास घरच्या भाषेतच व्हावयास हवा, आणि कपाट-चॉकलेटऐवजी टोपलीतील भाकरी हा त्याचा विषय असावा. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी कोसबाड येथे वारली मुलांसाठी शाळाच मुलांच्या अंगणात नेली होती. कसोटीच्या बाबतीतही तेवढीच हालचाल अपेक्षित आहे. प्रश्न विचारणारी व्यक्ती तांड्यावरचीच असेल, तर मूल लपंडावात कोण कुठे दडले असेल याविषयी जे बोलते, तेही नोंदवहीत उतरू शकेल.