तिसरा फोटो कुठे आहे? वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेचं संशोधन वाचताना

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेची जाहिरात आठवा. त्यात दोन फोटो असतात, आधीचा आणि नंतरचा. ‘नंतरचा’ बहुतेक वेळा वर्ष-दीड वर्षानंतरचा असतो, कारण तेव्हाच वजन सगळ्यात खाली गेलेलं असतं. दहा वर्षांनंतरचा तिसरा फोटो कुणी लावत नाही. आजची पोस्ट या तिसऱ्या फोटोबद्दल आहे. तो शोधायला गेलं की संशोधनात काय सापडतं, आणि आपल्या नंदुरबारसारख्या जिल्ह्यातल्या माणसासाठी त्याचा अर्थ काय होतो?

आधी एक स्पष्ट करतो. मी या शस्त्रक्रियेच्या विरोधात नाही. खूप जास्त लठ्ठपणा असलेल्यांसाठी तिच्याइतका भक्कम पुरावा असलेले उपाय फार कमी आहेत. माझी तक्रार मोजमापाबद्दल आहे.

दहा वर्षांनंतर काय दिसतं?

या विषयातला सगळ्यात जास्त सांगितला जाणारा अभ्यास स्वीडनचा. १९८७मध्ये सुरू झालेल्या या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेले सुमारे २००० लोक आणि न झालेले तेवढेच लोक होते. २००७मध्ये आलेला निष्कर्ष असा, की शस्त्रक्रिया झालेल्या गटात मृत्यूचा धोका सुमारे २९ टक्क्यांनी कमी होता. ही मोठी गोष्ट आहे, ती नाकारायचं कारण नाही.

पण त्याच अभ्यासातला वजनाचा आलेख बघा. बायपास झालेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी उतरलं. दहा वर्षांनी ही घट २५ टक्क्यांवर आली. जठराला पट्टा बसवलेल्यांची घट २० टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर आली. मधुमेहाचंही तसंच झालं. दोन वर्षांनी ७२ टक्के लोकांचा मधुमेह ‘गेलेला’ होता, पंधरा वर्षांनी हा आकडा ३० टक्क्यांवर होता.

म्हणजे थोडं वजन परत येणं हा अपवाद नाही, तो या उपचाराचा नेहमीचा मार्ग आहे. कारण शरीर वजनाची राखण करतं. वजन उतरलं की विश्रांतीच्या वेळी खर्च होणारी ऊर्जाही कमी होते. शस्त्रक्रियेमुळे भूक आणि तृप्तीची संप्रेरकं बदलतात, म्हणूनच ती नुसत्या डाएटपेक्षा जास्त टिकते. पण शरीराची ओढ पूर्ण संपत नाही. तरीही आपल्याकडे वजन परत आलेल्या बाईला पहिलं काय ऐकावं लागतं? ‘एवढे लाख घातले, आणि हिला तोंडावर ताबा नाही.’ सरासरी आलेखातच जी चढण आहे, तिचा दोष एका माणसाच्या स्वभावावर टाकायचा, हे मला पटत नाही.

या अभ्यासाच्या मर्यादाही आहेत. कुणाला कुठल्या गटात टाकायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं. त्यातल्या बहुतेक शस्त्रक्रिया आज मागे पडलेल्या प्रकारच्या होत्या, बायपास जेमतेम १३ टक्के. आज जगात सगळ्यात जास्त होते ती स्लीव्ह, म्हणजे जठराचा मोठा भाग कापून उरलेल्याची नळी करणं. तिच्यासाठी फिनलंडचा अभ्यास बघावा लागतो. तिथे २४० जणांना चिठ्ठ्या टाकून स्लीव्ह किंवा बायपास दिली गेली. दहा वर्षांनी स्लीव्हवाल्यांचं ‘जादा वजन’ सुमारे ४४ टक्क्यांनी आणि बायपासवाल्यांचं सुमारे ५२ टक्क्यांनी कमी होतं. अन्ननलिकेची सूज मात्र स्लीव्हमध्ये ३१ टक्के आणि बायपासमध्ये ७ टक्के लोकांत सापडली. किलोच्या फोटोत ही जळजळ कधी दिसत नाही.

‘यश’ म्हणजे किती?

वरचा ‘जादा वजन’ हा शब्द महत्त्वाचा आहे. आदर्श वजनाच्या वर जेवढं आहे ते जादा, आणि त्यातलं निम्मं गेलं की शस्त्रक्रिया यशस्वी, असा जुना रिवाज आहे. तो किती डळमळीत आहे हे एका साध्या गणिताने बघू.

उंची १६० सेंटिमीटर धरा. बीएमआय २५ आदर्श मानला, तर आदर्श वजन ६४ किलो. पहिली बाई १०० किलोची. तिचे ३६ किलो जादा, त्यातले १८ गेले, म्हणजे ५० टक्के. यशस्वी! दुसरी १४० किलोची. तिचे ७६ जादा, त्यातले ३५ गेले, म्हणजे ४६ टक्के. अयशस्वी! खरं तर दुसरीने एकूण वजनाचा चौथा हिस्सा घालवलाय आणि पहिलीने १८ टक्केच.

आता गंमत बघा. भारतीयांसाठी बीएमआय २३च्या वर जास्त वजन धरतात. मग आदर्श वजन ५९ किलोच्या आसपास येतं आणि आपली पहिली, ‘यशस्वी’ बाई ४४ टक्क्यांवर घसरते. बाई तीच, किलो तेच, निकाल उलटा.

हा २३चा आकडा उगाच आलेला नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. काट्यावर सारखे दिसणारे दोघे आतून किती वेगळे असू शकतात, हे यापेक्षा सोप्या पद्धतीने क्वचितच कुणी दाखवलं असेल.

किलोंवरच नजर ठेवली की काय होतं, हे महाराष्ट्राने २०१७मध्ये पाहिलं. इजिप्तच्या इमान अहमद यांना फेब्रुवारीत विमानाने मुंबईच्या सैफी रुग्णालयात आणलं, मार्चमध्ये शस्त्रक्रिया झाली. पुढचे आठवडे बातम्यांत त्यांच्या वजनाचा जणू धावफलक चालला होता. मग वजन नक्की किती उतरलं यावरच रुग्णालय आणि त्यांच्या बहिणीत जाहीर वाद झाला. मे महिन्यात त्यांना अबू धाबीला हलवलं, आणि सप्टेंबरमध्ये तिथेच त्यांचं निधन झालं. चूक कुणाची, हे मी ठरवणार नाही. पण त्या सगळ्या काळात त्यांना झोप कशी लागते, स्वतःच्या हाताने जेवता येतं का, हे किती बातम्यांनी विचारलं?

जे परत आलेच नाहीत

आता माझा मुख्य मुद्दा. २०१४मध्ये ‘जामा’त एक आढावा आला. संशोधकांनी या विषयावरचे ७३७१ अभ्यास चाळले. अट अगदी साधी होती: किमान दोन वर्षं पाठपुरावा आणि सुरुवातीच्या किमान ८० टक्के लोकांची माहिती. या अटीत बसले फक्त २९ अभ्यास. म्हणजे ०.४ टक्के.

हे एवढं गंभीर का? समजा एका केंद्रात १०० शस्त्रक्रिया झाल्या. पाच वर्षांनी ४० जण तपासणीला आले आणि त्यातल्या ३० जणांचं वजन टिकलेलं निघालं. कागदावर लिहिणार ‘७५ टक्के यश’. पण उरलेले ६० कुठे आहेत? ते सगळे ठीक असतील तर खरं यश ९० टक्के, सगळे बिघडले असतील तर ३० टक्के. आणि वजन परत आलेला माणूस लाजेने तपासणी टाळतो, हे कुठल्याही डॉक्टरला विचारा.

लाजेशिवाय अंतरही असतं. नंदुरबारहून शस्त्रक्रियेला जायचं तर सुरत, नाशिक नाहीतर मुंबई. सुरतची गाडी तरी सोयीची आहे. पण धडगावच्या डोंगरातून आधी शहादा किंवा नंदुरबार गाठायचं, मग पुढची गाडी, म्हणजे अर्ध्या तासाच्या भेटीसाठी दोन दिवसांची मजुरी किंवा दुकान बुडालं. संशोधनात अशा माणसाची नोंद ‘पाठपुराव्यातून सुटला’ एवढीच होते. मला हा शब्दप्रयोग खटकतो. सुटला कोण आणि सोडलं कुणी?

आपल्या जिल्ह्यात शस्त्रक्रियेनंतर जगताना

काही जण म्हणतील, नंदुरबार म्हणजे कुपोषणाचा जिल्हा, इथे हा विषय कशाला? बरोबर, इथे अर्ध्याहून अधिक लहान मुलं वयाच्या मानाने कमी वजनाची आहेत. पण त्याच जिल्ह्यात व्यापारी पेठा आहेत, बैठं काम आहे, मधुमेह आहे. आणि शस्त्रक्रियेनंतरची काळजी इथल्या वास्तवाशी जुळवून कुणी सांगत नाही, म्हणून तर हा विषय इथे जास्त महत्त्वाचा.

पहिलं म्हणजे रक्त. शस्त्रक्रियेनंतर लोह आणि बी-१२ कमी पडतं, गोळ्या आयुष्यभर लागतात, वर्षातून एकदा तरी रक्त तपासावं लागतं. आपल्याकडे अॅनिमिया आधीच भरपूर, शिवाय भिल्ल आणि पावरा समाजात सिकलसेल. मधुमेह गेला की नाही हे बहुतेक अभ्यास एचबीए१सी या तपासणीवर ठरवतात. सिकलसेल आजारात लाल पेशी लवकर मरतात, म्हणून हा आकडा खोटा कमी येऊ शकतो. लोहाच्या कमतरतेत तो खोटा जास्त येऊ शकतो. म्हणजे परदेशी अभ्यासाची फूटपट्टी इथे लावायची तर आधी ती फूटपट्टीच तपासायला हवी.

दुसरं, उलट्या. शस्त्रक्रियेनंतर काही दिवस सतत उलट्या झाल्या तर बी-१ जीवनसत्त्व झपाट्याने संपतं. अशा माणसाला बी-१ न देता नुसतं ग्लुकोजचं सलाइन लावलं, तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. गावात उलट्या झाल्या की पहिला उपाय सलाइनच असतो. म्हणून शस्त्रक्रियेचा कागद जवळ ठेवायचा आणि डॉक्टरांना आधी तो दाखवायचा. अंगदुखीच्या गोळ्या मनाने घ्यायच्या नाहीत, बायपासनंतर त्यांनी अल्सर होतो.

तिसरं, दारू. बायपास किंवा स्लीव्हनंतर दारू लवकर आणि जास्त चढते. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात शस्त्रक्रियेनंतरच्या दुसऱ्या वर्षी दारूच्या विकाराचं प्रमाण ७.६ वरून ९.६ टक्क्यांवर गेलेलं दिसलं. मोहाची घरची असली तरी नियम तोच.

आणि पैसा. आयआरडीएआयच्या २०१९च्या सूचनांनुसार बीएमआय ४०, किंवा ३५ आणि सोबत ठरावीक गंभीर आजार असेल, तर विमा या शस्त्रक्रियेला नाही म्हणू शकत नाही. चांगलं झालं. पण बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल असतानाचा खर्च धरतात. पुढच्या वीस वर्षांच्या गोळ्या, तपासण्या आणि गाडीभाडं खिशातूनच.

मग विचारायचं काय?

तुमच्या घरात कुणी ही शस्त्रक्रिया करायचा विचार करत असेल, तर सर्जनला ‘किती किलो उतरेल’ याच्यासोबत हेही विचारा. पाच वर्षांपूर्वी तुम्ही ज्यांचं ऑपरेशन केलं, त्यातले किती जण आजही तुमच्या संपर्कात आहेत? माझ्या तालुक्यात रक्त तपासून तुम्हाला फोनवर दाखवलं तर चालेल का? वजन परत यायला लागलं तर तुमच्याकडे काय योजना आहे? चांगल्या डॉक्टरला या प्रश्नांचा राग येत नाही.

आणि आम्हा संशोधकांसाठी: तक्त्यात ‘सुटले’ असा रकाना भरण्याआधी त्या माणसाला एक फोन करावा, जमलं तर त्याच्या तालुक्यात जाऊन भेटावं. नंदुरबारमध्ये २०२०पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. सुरत-मुंबईत ऑपरेशन झालेल्यांचा पाठपुरावा तिथे करता येईल का, हा पीएचडीचा एक चांगला विषय आहे. कुणाला करायचा असेल तर जरूर कळवा, माझ्याकडची टिपणं देतो.