गव्हाण आणि महाद्वार : मराठी ख्रिस्ती साहित्यातील प्रतीक्षेचा अर्थ

ख्रिस्ती उपासनावर्षाचा आरंभ आगमनकाळाने होतो. नाताळापूर्वीच्या चार रविवारांचा हा काळ प्रभूच्या येण्याची वाट पाहण्याचा असतो. हे येणे दुहेरी आहे. एक बेथलेहेमात घडून गेलेले, तर दुसरे अद्याप घडावयाचे. त्यामुळे या प्रतीक्षेत स्मरण आणि अपेक्षा या दोहोंचा अंतर्भाव होतो. मराठी ख्रिस्ती साहित्याची चर्चा करताना आपल्या समीक्षेने धर्मांतराची कारणे, भाषांतराचे प्रश्न आणि ओवी-अभंगांचा स्वीकार यांकडे लक्ष दिले. नाताळविषयक लेखन मात्र बहुधा प्रासंगिक मानले गेले. वस्तुतः या लेखनाच्या मुळाशी एक गंभीर प्रश्न आहे : कोणी, कोठे उभे राहून, कोणाची वाट पाहावयाची? अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, या परिसरात या प्रश्नाला जे रूप आले, त्याचा येथे विचार करावयाचा आहे.

१८१३ मध्ये मुंबईत आलेल्या अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये नगर येथे कार्य सुरू केले. 'ज्ञानोदय' १८४२ मध्ये येथूनच निघू लागले. हे मिशन न्यू इंग्लंडमधील काँग्रिगेशनल मंडळ्यांच्या परंपरेतले होते. त्यांच्या प्युरिटन पूर्वजांनी १६५९ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये नाताळ साजरा करणाऱ्यास दंड ठरविला होता. तो कायदा १६८१ मध्ये गेला, परंतु तेथे नाताळला कायदेशीर सुटीचा दर्जा मिळण्यास १८५६ साल उजाडावे लागले. म्हणजे ज्या परंपरेने नगरच्या खेड्यापाड्यांत शुभवर्तमान नेले, तिच्या उपासनेत आगमनकाळाची घडी रूढ नव्हती. त्या परंपरेचा एक प्रवाह पुढे ज्या 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया'त मिसळला, त्याची स्थापना २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात झाली. तो दिवस आगमनकाळाचा पहिला रविवार होता, हा योगायोग अर्थपूर्ण वाटतो. दरम्यानच्या काळात प्रतीक्षेची भाषा येथील ख्रिस्ती मनाला उपासनेच्या दिनदर्शिकेने पुरविली नाही. ती मराठी भक्तिकाव्याने पुरविली.

या पुरवठ्याचे श्रेय प्रामुख्याने नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांना दिले जाते, आणि ते योग्यच आहे. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतर नगर ही त्यांची दीर्घकाळ कर्मभूमी झाली. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, या आशयाचे त्यांचे कथन सुपरिचित आहे. ख्रिस्ताला माउली म्हणून हाक मारणारा त्यांचा अभंग आयात केलेल्या भक्तीला मराठी कंठ देतो. देशीयतेच्या निकषावर टिळकांचा गौरव होतो तो यामुळेच. परंतु येथे एक भेद लक्षात घ्यावयास हवा. तुकोबांच्या विरहात देव दूर आहे तो अंतरंगात. मंदिराचे दार त्यांना बंद नाही. पंढरीची वाट चालली की विठ्ठलाच्या पायांशी पोहोचता येते. टिळकांनी स्वीकारलेली प्रतीक्षाही अशीच आध्यात्मिक अंतराची आहे. तिचे काव्यमूल्य निर्विवाद असले तरी नगरच्या मंडळीचा संपूर्ण अनुभव तिच्यात मावत नाही.

लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'त प्रतीक्षेचे दुसरे रूप आढळते. पतीचा बाप्तिस्मा १८९५ चा, त्यांचा १९०० चा. मधली पाच वर्षे त्यांनी विनोदाच्या आधाराने सांगितली असली तरी त्या विनोदाखाली एका घराची ताटातूट आहे. महत्त्वाचे हे, की बाप्तिस्म्यापूर्वीच त्यांच्या मनातून जातिभेदाचे सोवळे गळून पडते. देव येण्याआधी घरातले कोणते दार उघडावे लागते, हे त्या कोणताही सिद्धान्त न मांडता दाखवितात. आगमनकाळाच्या आत्मपरीक्षणाचा याहून प्रत्ययकारी मराठी दाखला सापडणे कठीण. टिळकांनी आरंभिलेले 'ख्रिस्तायन' पुढे बहुतांशी त्यांनीच रचले. १९३८ मध्ये ते प्रसिद्ध झाले तेव्हा दोघांपैकी कोणीही हयात नव्हते.

तथापि नगर जिल्ह्यातील ख्रिस्ती मंडळी मुख्यतः महार व मांग समाजांतून घडली. गावकुसाबाहेरच्या या श्रोत्यांनी लूकचे शुभवर्तमान ऐकले तेव्हा 'उतारशाळेत जागा नव्हती' आणि 'गव्हाण' या शब्दांना कोणता अर्थ आला असेल? मराठी घरात राम-कृष्णाच्या जन्मासाठी पाळणा हलतो. येथे पाळण्याच्या जागी गुरांची गव्हाण आहे. जागा नाकारली जाणे हा या श्रोत्यांच्या दृष्टीने कथेचा तपशील नव्हता, रोजचा व्यवहार होता. म्हणून त्यांच्या प्रतीक्षेचा पूर्वज शोधावयाचा तर तो तुकोबांपेक्षा चोखोबांत शोधावा लागतो. चोखोबांची समाधी पंढरपूरच्या महाद्वारापाशी आहे, आणि ते मंदिर अस्पृश्यांना खुले होण्यास १९४७ साल आणि साने गुरुजींचे उपोषण लागले.

चोखोबांच्या परंपरेत एक विलक्षण आख्यायिका आहे. सोयराबाईच्या बाळंतपणासाठी स्वतः विठ्ठल नणंदेच्या रूपाने महाराच्या घरी येतो. देवाने बहिष्कृतांकडे येणे ही कल्पना मराठी मनाला परकी नव्हती, याचा हा पुरावा होय. परंतु दोन कथांतील अंतरही तितकेच बोलके आहे. आख्यायिकेतील देव सुईण होऊन येतो आणि परत जातो. महाद्वार बंदच राहते. गव्हाणीतला देव मूल होऊन येतो. त्याला परतण्यासाठी आतले गर्भगृह नाही, आणि जगण्यासाठी गरिबाच्या हातांची गरज आहे. पहिल्या कथेत कृपा आहे, दुसरीत देवाचे स्थानांतर आहे. देव दाराच्या बाहेरच असेल, तर आत जाण्याची वाट पाहण्याचा अर्थच पालटतो.

मात्र या स्थानांतराचे समाधान साजरे करून समीक्षेला थांबता येणार नाही. मरीयेच्या स्तोत्रातील दीनांना उंचावण्याचे अभिवचन चर्चच्या आतही अपुरे राहिले, हे जातीचे वास्तव जाणणारा कोणीही नाकारणार नाही. राज्यव्यवस्थेतही १९५० च्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा धर्माशी जोडला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, दलित ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. आगमनकाळ दुसऱ्या आगमनाकडेही बोट दाखवितो, तो का, हे येथे उमगते. घडून गेलेला जन्म अजून पुरता घडलेला नाही.

देशीयतेची आपली चर्चा छंद, शब्दकळा आणि प्रतिमा यांच्यापाशी अडखळते. परंपरेचा कोणता वारसा स्वीकारला, याबरोबरच तो दाराच्या कोणत्या बाजूने स्वीकारला, हेही विचारावयास हवे. नगरच्या ख्रिस्ती साहित्याचे पुनर्वाचन या प्रश्नापासून सुरू झाले, तर त्यातील नाताळ केवळ उत्सवाचा विषय राहणार नाही. वाट पाहणाऱ्यांच्या इतिहासात त्याला आपली जागा मिळेल.